आशियातील कामाच्या फेलोशिप: अर्ज करताना या चुका टाळा

पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे आशियातील एखाद्या देशात राहून काम करण्याची संधी देणाऱ्या योजनांमध्ये तीन नावे ठळक आहेत: परदेशी पदवीधरांना मुख्यतः शाळेतील साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून नेमणारा, जपान सरकारचा १९८७ पासून चालत आलेला जेट कार्यक्रम, अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट योजनेतील इंग्रजी अध्यापन साहाय्यकाची जागा आणि अमेरिकेतील हेन्री ल्यूस प्रतिष्ठानाची १९७४ पासूनची ल्यूस स्कॉलर्स योजना. अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या कानावर ही नावे महाविद्यालयातच पडतात. त्यांच्या अर्जांतील बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: ही नुसती शिष्यवृत्ती किंवा सहल नसून काम आहे, हे अर्जदाराच्या ध्यानात राहत नाही.

पहिली चूक पात्रतेची आहे आणि ती सर्वांत महाग पडते. जेटचा अर्ज ज्या देशातून करायचा, त्या देशाचे नागरिकत्व अर्जदाराकडे असावे लागते. तेथील वास्तव्य किंवा ग्रीन कार्ड पुरेसे नसते. त्यामुळे पुण्याहून विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या पदवीधराला तेथील जपानी वकिलातीत अर्ज करता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याने भारतातील जपानी दूतावासाकडे त्या वर्षी भरती आहे का, हेच आधी विचारावे. फुलब्राइटच्या या जागाही अमेरिकी नागरिकांसाठीच आहेत आणि एका वर्षी एकाच देशासाठी अर्ज करता येतो. ल्यूसचा हेतू आशियाचा फारसा परिचय नसलेल्यांना तेथे पाठवणे हा आहे. आशियाई अभ्यासात पदवी घेतलेला उमेदवार मोठ्या उमेदीने तेथे अर्ज करतो, तेव्हा त्याची जमेची बाजूच त्याला आडवी येते.

हेतुपत्राबद्दल, म्हणजे आपण अर्ज का करत आहोत हे सांगणाऱ्या निबंधाबद्दल, थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. जेटच्या अमेरिकेतील अर्जात त्यासाठी दुहेरी अंतर सोडून टंकलेली दोन पाने मिळतात आणि त्यांतले पहिले पान बहुतेक जण लहानपणी पाहिलेल्या ॲनिमेमध्ये (जपानी कार्टूनपटांमध्ये), क्योटोच्या देवळांमध्ये आणि जपानी शिस्तीच्या कौतुकात घालवतात. ही आवड खोटी असते असे नाही, पण वाचणाऱ्याला तिचा काही उपयोग होत नाही. जेटमधील साहाय्यक भाषाशिक्षक जपानी शिक्षकाबरोबर वर्ग घेतो. अनेकदा तो एखाद्या छोट्या गावच्या माध्यमिक शाळेत असतो आणि तेथील मुले चूक होईल या भीतीने तोंडच उघडत नाहीत. अशा वर्गात तुम्ही काय कराल, याचे उत्तर हेतुपत्रात दिसले पाहिजे. लहान भावंडांची शिकवणी घेतली असेल, महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवली असेल, तर ते लिहावे आणि एखादे मूल कोठे अडले व तुम्ही कोणता मार्ग काढला, तेही लिहावे. ‘मला शिकवण्याची आवड आहे’ या वाक्याला अशा एका प्रसंगाचा आधार नसेल, तर ते वाक्य गाळलेले बरे. साहाय्यक भाषाशिक्षकाला जपानी भाषा येण्याची अट नाही. म्हणून कच्च्या जपानीचे प्रदर्शनही करू नये.

शिफारसपत्रात हीच चूक दुसऱ्याच्या हातून होते. ‘हुशार, मेहनती, प्रामाणिक’ ही विशेषणे विभागप्रमुखाच्या सहीने आली तरी त्यांतून काहीच कळत नाही. पदाने मोठ्या व्यक्तीपेक्षा तुमचे काम जवळून पाहिलेल्या शिक्षकाचे पत्र चांगले. त्यांना हेतुपत्राचा मसुदा आणि मुदतीची तारीख महिनाभर आधी द्यावी.

कागदपत्रांत मराठी नावे हमखास घोटाळा करतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी आणि मग स्वतःचे, वडिलांचे व काही ठिकाणी आईचेही नाव असते. पासपोर्टवर क्रम निराळा असतो. अर्जात सर्वत्र पासपोर्टप्रमाणेच नाव लिहावे आणि फरक असल्यास स्पष्टीकरणाचे पत्र आधीच तयार ठेवावे. पदवी प्रमाणपत्र पदवीदान समारंभापर्यंत हाती येणार नसेल, तर तात्पुरते प्रमाणपत्र चालेल का, हे लेखी विचारून घ्यावे.

आरोग्याविषयीच्या प्रश्नांत लपवाछपवी करणे विशेष घातक ठरते. एकाग्रतेच्या विकारावर (एडीएचडी) दिल्या जाणाऱ्या ॲडरॉलसारखी अँफेटामिनयुक्त औषधे जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. एक महिन्याहून अधिक पुरेल इतके चिठ्ठीचे औषध न्यायचे असेल, तर आयातीचे परवानगीपत्र आधी मिळवावे लागते. अशी औषधे चालू असतील, तर पर्यायाबद्दल डॉक्टरांशी निवडीनंतर नव्हे, अर्ज करण्यापूर्वीच बोलावे.

जेटच्या मुलाखतीत ऐन वेळी छोटा पाठ घेऊन दाखवायला सांगू शकतात, त्याची तयारी ठेवावी. मोठ्या शहराचा आग्रह धरणेही महागात पडते. पसंतीची ठिकाणे कळवता येतात, पण ती मिळण्याची हमी नसते आणि बऱ्याच नेमणुका शहरांपासून दूर होतात. शाकाहारी उमेदवाराने आहाराबद्दल मोकळेपणाने सांगावे, कारण जपानी शाळेतल्या साध्या सूपमध्येही माशांचा अर्क असतो. मात्र त्यावर तुम्ही काय सोय कराल, हेही त्याच दमात सांगावे. घरचा डबा नेण्याची तयारी आहे एवढे म्हटले तरी पुरते.

निकालात नाव राखीव यादीत आले की अनेक जण नकार समजून कागद बाजूला ठेवतात. निवडलेल्यांपैकी कोणी माघार घेतल्यास राखीव यादीतून बोलावणे येते आणि ते उशिराही येऊ शकते. म्हणून मागितलेली कागदपत्रे राखीव उमेदवारानेही वेळेत द्यावीत. याउलट, नेमणुकीचे ठिकाण कळल्यानंतर जेटची जागा नाकारली, तर पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही. गाव आवडले नाही म्हणून नकार कळवण्यापूर्वी त्या शाळेत आधी काम केलेल्या कोणाशी तरी बोलून घ्यावे.