एडी आली की आधी चष्मा लाव

एडी, म्हणजे एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, विमान नियामकाचा सक्तीचा तपासणी-दुरुस्तीचा आदेश, हातात पडली की नव्या पोराचा हात टूलबॉक्सकडे जातो. माझाही जायचा. जुहूच्या हेलिकॉप्टर हँगरमध्ये २१ वर्षं काढून सांगते, पाना नंतर. आधी चष्मा लाव आणि कागद दोनदा वाच.

पहिलं बघायचं ते 'लागू कोणाला'. मॉडेल जुळलं एवढ्याने भागत नाही, पार्ट नंबर आणि सिरीयल नंबरही जुळवायचा, आणि तो लॉग कार्डावरून (पार्टच्या नोंदीच्या कार्डावरून) नव्हे, पार्टवरच्या प्लेटवरून. गिअरबॉक्स, ब्लेड, सर्व्हो (कंट्रोल हलवणारी यंत्रणा) एका मशीनवरून दुसऱ्यावर फिरत असतात. एकदा आमच्या कार्डावर १ लिहिलेला आकडा प्लेटवर ७ निघाला. कार्डाप्रमाणे एडी लागू नव्हती, प्लेटप्रमाणे होती! समुद्रावरून आलेलं मशीन, प्लेटवर मिठाचा थर, पुसल्यावर कळलं. तेव्हापासून खिशात टॉर्च, छोटा आरसा आणि चिंधी. स्टोअरमधले सुटे पार्टही तपास, त्यांना सगळे विसरतात.

मग मुदत. 'तास किंवा दिवस, जे आधी होईल ते' असं असेल तर दोन्ही मोज. 'पुढच्या उड्डाणाआधी' असेल तर मुंबई हायला जाणारे प्रवासी लाइफ जॅकेट चढवून बसलेले असले तरी मशीन आत ओढायचं.

मशीन बनवणाऱ्या कंपनीची बुलेटिन, म्हणजे दुरुस्तीची सूचना, आली आणि एडी नाही, म्हणून ती फाइलला लावून मोकळा होऊ नकोस. सिकॉर्स्की एस-९२ हेलिकॉप्टरच्या मेन गिअरबॉक्सचं ऑइल फिल्टरचं भांडं टायटॅनियमच्या तीन स्टडवर (आटे पाडलेल्या दांड्यांवर) होतं. फिल्टर बदलताना नटांची काढघाल होऊन आटे खरवडले जायचे. जुलै २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात एका मशीनचे स्टड तुटून तेल गेलं, पण ते सुखरूप उतरलं. जानेवारी २००९ च्या बुलेटिनने स्टीलचे स्टड बसवायला १२५० तास किंवा एक वर्ष दिलं. १२ मार्चला कॅनडात न्यूफाउंडलंडजवळ तसेच स्टड तुटून, तेल जाऊन एक मशीन समुद्रात कोसळलं. १८ जणांपैकी एक वाचला. २३ मार्चला अमेरिकेच्या विमान नियामकाची, एफएएची, तातडीची एडी आली: पुढच्या उड्डाणाआधी बदला. काम तेच, पण मधे १७ जण गेलेले. म्हणून मुदत लांबची असली तरी पार्टची ऑर्डर त्याच दिवशी टाक.

प्रत्यक्ष कामात मी एकाच गोष्टीवर ओरडायचे: डाय पेनिट्रंट (बारीक भेग दाखवणारा रंग) मारल्यावर सांगितलेला वेळ थांबा. चहा पिऊन या हवं तर. घाई केली की भेग असूनही दिसत नाही. नवा पार्ट रिलीज सर्टिफिकेटशिवाय (वापरायला योग्य असल्याच्या दाखल्याशिवाय) हातात घेऊ नकोस. टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, मॅन्युअलप्रमाणे; सेफ्टी वायर, म्हणजे नट सैल होऊ न देणारी तार, घट्ट होण्याच्या दिशेने ओढणारी. कंट्रोलचा सांधा उघडलास तर दुसऱ्या एएमईची (लायसन्स असलेल्या मेंटेनन्स इंजिनिअरची) स्वतंत्र तपासणी आणि सही हवीच, तो जेवायला गेला असला तरी.

लॉगबुकात 'एडी केली' एवढंच लिहू नकोस. नंबर, रिव्हिजन, कोणत्या पद्धतीने केली, किती तासांवर. तपासणी पुन्हापुन्हा करायची असेल तर पुढची कधी, तेही. पार्ट बदलून विषय कायमचा संपत असेल तर तसं स्पष्ट लिही.

काढलेला बाद पार्ट ग्राइंडरने कापून दोन तुकडे कर. नुसता लाल टॅग लावून कपाटात ठेवलास तर महिन्याभरात टॅग गळून पडतो, आणि पार्ट दिसतो अगदी नव्यासारखा.