एकाच खोलीत तीस शिक्षक: तंत्रज्ञान प्रशिक्षण प्रत्येकापर्यंत पोहोचवायचं कसं

प्रशिक्षणाच्या सुरुवातीला काही ठिकाणी एक प्रश्नावली वाटली जाते. तुम्ही बघून शिकता, ऐकून, वाचून की करून? उत्तरांवरून गट पडतात. ही चार प्रकारांची मांडणी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची, १९९२ मधली. लोकप्रिय आहे, पण तिच्यावर गट पाडणं म्हणजे अर्धा तास पाण्यात. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ज्याला जी पद्धत आवडते त्याच पद्धतीने शिकवलं तर तो जास्त शिकतो, असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. आवडीनिवडी असतात, पण ‘ऐकून शिकणाऱ्या’ सरांनाही गुगल फॉर्म (इंटरनेटवर भरायची प्रश्नावली) बनवायचा तर शेवटी बोट स्क्रीनवरच ठेवावं लागतं.

खोलीत खरा फरक पाडणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. आधी किती येतं, हातात कोणता फोन आहे, मराठी टाइप करता येतं का, जवळचं नीट दिसतं का आणि चारचौघांत चुकायची किती भीती वाटते. नियोजन यावर करा. इथे उदाहरण घेतलं आहे ते एका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, ३० शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण. विषय: गुगल फॉर्मवर ५ प्रश्नांची चाचणी.

आधीच्या आठवड्यात

‘तुम्हाला किती येतं?’ असं विचारू नका. कमी येणारे संकोचाने ‘येतं’ म्हणतात आणि चांगलं येणारे ‘थोडंफार’ म्हणतात. त्याऐवजी चार दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन कामं द्या. उत्तरं गटावर मागवू नका, तुमच्या क्रमांकावर मागवा.

१. शाळेच्या फलकाचा फोटो.
२. सेटिंगमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती दिसते त्या पानाचा स्क्रीनशॉट.
३. शाळेचा पट (विद्यार्थिसंख्या) सांगणारं एक वाक्य, मराठीत.

दुसऱ्या कामातून स्क्रीनशॉट येतो की नाही ते कळतं, वर फोन किती जुना आहे तेही कळतं. तिसऱ्यात ‘amchya shalecha pat’ असं रोमन लिपीत आलं की मराठी टायपिंग शिकवायचं आहे हे नक्की. ज्यांच्याकडून काहीच आलं नाही त्यांना फोन करा. बऱ्याचदा कारण न येणं हे नसतं, निरोप वाचलेलाच नसतो.

याच वेळी गुगल खातं तपासून घ्या. पुष्कळ फोनवरचं खातं मोबाईलच्या दुकानदाराने किंवा घरातल्या मुलाने काढलेलं असतं. फॉर्म उघडतो, बनतोही, पण मुलाच्या खात्यात जतन होतो आणि आठ दिवसांनी शाळेतल्या संगणकावर सापडत नाही. फॉर्मच्या पानावर वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर टच करून कोणता ईमेल आहे तो वहीत लिहायला सांगा. पासवर्ड आठवत नसेल तर तो घरूनच बदलून यायला सांगा. हे काम प्रशिक्षणाच्या दिवसावर ठेवलं की पहिला तास ओटीपीत जातो, आणि ओटीपीचं सिम नेमकं घरच्या दुसऱ्या फोनमध्ये असतं.

एकच पायरी, तीन रूपांत

प्रत्येक पायरी सगळ्यांना तीन रूपांत मिळाली पाहिजे: समोर करून दाखवलेली, कागदावर आणि छोट्या व्हिडिओत. अमक्या गटाला कागद आणि तमक्याला व्हिडिओ अशी वाटणी नको.

कागदाचं कार्ड सगळ्यात उपयोगी पडतं आणि नेमकं तेच कुणी करत नाही. ए-४ चं एक पान, एका बाजूला सहा स्क्रीनशॉट, प्रत्येकावर एकच बाण आणि खाली एकच ओळ. अक्षर १६ पॉइंटपेक्षा लहान नको, चाळिशी ओलांडलेले बरेच जण चष्मा विसरून आलेले असतात. बटणाचं नाव स्क्रीनवर दिसतं तसंच लिहा. काहींचा फोन मराठीत असतो, काहींचा इंग्रजीत, म्हणून दोन्ही नावं आपापल्या लिपीत द्या: ‘पाठवा / Send’. ‘क्लिक करा’ऐवजी ‘टच करा’ लिहा.

व्हिडिओ दोन मिनिटांपेक्षा मोठा नको आणि त्यात एकच कृती असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि अक्षरं पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणखी एक अडचण लक्षात ठेवा: शिक्षकाकडे एकच फोन असतो. त्यावरच व्हिडिओ बघायचा आणि त्यावरच कृती करायची, म्हणजे दर दहा सेकंदांनी ये-जा. त्यामुळे व्हिडिओ आदल्या रात्री बघायला आणि नंतर आठवायला. करताना समोर कार्डच हवं.

पडद्यावर मजकूर दाखवून तोच वाचू नका. तेच शब्द डोळ्यांनी आणि कानांनी एकदम आले की दोन्हीकडचं लक्ष तुटतं. पडद्यावर चित्र ठेवा, बोलणं तोंडी.

दिवसाची आखणी

आधी शिक्षकांना विद्यार्थी करा. तयार चाचणीची लिंक द्या आणि तीन मिनिटांत सोडवायला लावा. शेवटी काय बनायचं आहे ते दिसलं की पुढच्या पायऱ्या आपोआप जागी बसतात. मग चार मिनिटं दाखवा आणि पंधरा मिनिटं करू द्या, हाच क्रम दिवसभर. प्रात्यक्षिक लॅपटॉपवर देऊ नका. शिक्षक फोनवर करणार असतील तर फोनचाच पडदा प्रोजेक्टरवर घ्या. लॅपटॉपवर शेजारी दिसणारा पर्याय फोनवर तीन टिंबांच्या मागे लपलेला असतो आणि अर्धी खोली तिथेच अडकते.

बसवायचं तिघा-तिघांना. एकजण फोनवर करतो, दुसरा कार्ड वाचून सांगतो, तिसरा नुसता बघतो आणि चूक दिसली तर बोलतो. दर पायरीला भूमिका बदला. यात बघणं, ऐकणं, वाचणं, करणं सगळं प्रत्येकाच्या वाट्याला येतं. नियम एकच आणि तो कडक: दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. तंत्रस्नेही शिक्षकांची सवय असते, ‘द्या इकडे मॅडम, मी करून देतो’. फॉर्म होतो, मॅडम तिथेच राहतात. मदतनीसांनी हात मागे बांधून फक्त तोंडाने सांगायचं. दहा जणांमागे एक मदतनीस पुरतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेली तिन्ही कामं चटकन केलेल्यांना सकाळी या तिघांच्या गटांत बसवू नका. नवख्याला पायरी-पायरीने केलेलं उदाहरण लागतं. जाणकाराला तेच उदाहरण कंटाळवाणं होतं, कधी अडथळाही ठरतं. त्यांना कार्डाशिवाय प्रश्न द्या: चुकीचं उत्तर निवडणारं मूल पुढच्या प्रश्नावर न जाता समजावणीच्या विभागात जाईल असा फॉर्म करा. दुपारी तेच मदतनीस.

मार्च-एप्रिलमध्ये पडद्याची सगळी कामं बारापूर्वी संपवा. पत्र्याच्या खोलीत दुपारी प्रोजेक्टर उजेडात धूसर होतो आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. बहुतेक फोनच्या हॉटस्पॉटवर मोजकेच फोन जोडता येतात, तेव्हा ३० जणांसाठी तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेले फोन ठेवा.

दुपारी प्लिकर्स हे कागदी कार्डांवर चाचणी घेणारं अ‍ॅप घ्या. प्रत्येक मुलाच्या हातात चौकोनी कागदी कार्ड. ते ज्या बाजूने धरलं तो पर्याय अ, ब, क किंवा ड. शिक्षक आपल्या एका फोनने वर्ग स्कॅन करतात. मुलांकडे फोन नसलेल्या वाडी-तांड्यावरच्या शाळेत गुगल फॉर्मपेक्षा हेच चालतं. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, चमक आली की कॅमेरा ओळखत नाही. जाड कागद पुरे.

टायपिंग

दिवसाचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि वेळापत्रकात त्याला जागाच नसते. ४० मिनिटं धरा. जीबोर्डमध्ये (गुगलच्या कळफलक अ‍ॅपमध्ये) मराठीचे तीन रस्ते आहेत: मराठी कळफलक, इंग्रजी अक्षरांतून मराठी आणि बोटाने लिहिणं. शिवाय माइकवर बोलता येतं. चारही दाखवा आणि ज्याला जो जमेल तो घेऊ द्या. इथे आवडीला पूर्ण मोकळीक. बोलून टाइप करणाऱ्यांना व्हरांड्यात पाठवा, ३० जण एका खोलीत बोलले की फोन भलतंच लिहितो.

दोन गट हमखास अडतात. एक, वर्षानुवर्षं कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत प्रश्नपत्रिका टाइप करणारे. त्यांचा वेग उत्तम असतो, पण जुना मजकूर फॉर्ममध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. त्यांना ‘तुम्हाला येत नाही’ असं वाटू देऊ नका. फॉन्ट युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) नसल्याने हे होतं, एवढं सांगून मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलायला शिकवा. दुसरा गट उर्दू माध्यमाचा, आणि मराठवाड्यात तो प्रत्येक जिल्ह्यात आहे. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत गणिताची मांडणी आली की अंक आणि चिन्हांची जागा बदलू शकते. उदाहरण स्वतंत्र ओळीत लिहा किंवा त्याचा फोटो प्रश्नाला जोडा. या शिक्षकांचं कार्डही उर्दूत हवं.

सेटिंगमधली एक खोच: ‘एकच प्रतिसाद’ हा पर्याय चालू केला की गुगल लॉगिन लागतं. एका घरात एका फोनवर दोन भावंडं चाचणी देत असतील तर दुसऱ्याला दारच उघडत नाही. तो बंद ठेवा आणि नाव व हजेरी क्रमांक हे दोन प्रश्न सक्तीचे करा.

पंधरा दिवसांनी

पुढच्या शिक्षण परिषदेला (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला) प्रत्येकाने एकच गोष्ट आणायची: वर्गात घेतलेल्या चाचणीतला सर्वाधिक मुलांनी चुकवलेला प्रश्न. प्रतिसादांच्या सारांशात तो दिसतो. ज्यांचं झालं नाही त्यांना सबबी विचारू नका, कोणत्या पायरीला थांबलात ते विचारा आणि कार्डावर त्या चित्राला खूण करा. खुणा एकाच चित्रावर साचल्या तर ते चित्र बदलून नवं कार्ड छापा.