नेटप्लॅनमधील ‘गेटवे४’ बदलताना या चुका टाळा

नेटप्लॅन हे उबुंटूमध्ये नेटवर्कची मांडणी लिहून ठेवण्याचे साधन. उबुंटू २२.०४ वर ती मांडणी लागू करणारी ‘नेटप्लॅन अप्लाय’ ही आज्ञा चालवली की अनेकांना एक इशारा दिसतो: ‘गेटवे४’ (बाहेर जाण्यासाठी राउटरचा पत्ता सांगणारी ओळ) आता कालबाह्य झाले आहे, त्याऐवजी डिफॉल्ट रूट (बाहेर जाण्याचा ठरलेला मार्ग) वापरा. नेटवर्क चालू असल्यामुळे बहुतेक जण तो वाचून सोडून देतात. काही जण मात्र घाईने नेटप्लॅनची फाइल उघडून बदल करतात, आणि अडचण बहुधा या दुसऱ्या मंडळींनाच येते. (पुढे फाइलमधील शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, प्रत्यक्ष फाइलमध्ये ते आणि त्यांतील अंक रोमन लिपीतच लिहायचे आहेत.)

बदल तसा छोटाच आहे. इंटरफेसखाली (म्हणजे नेटवर्क कार्डाच्या नावाखाली) असलेली ‘गेटवे४: १९२.१६८.१.१’ ही एक ओळ काढून तिच्या जागी तीन ओळी लिहायच्या असतात:

रूट्स:
  - टू: डिफॉल्ट
    व्हाया: १९२.१६८.१.१

यातील पहिली चूक इंडेंटेशनची, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेची. ‘रूट्स’ हा शब्द ‘अ‍ॅड्रेसेस’च्या नेमक्या खाली, त्याच रांगेत यायला हवा आणि ‘व्हाया’ हे ‘टू’च्या रांगेत. टॅबची कळ वापरल्यास यामल फाइल (नेटप्लॅनच्या फाइली याच पद्धतीने लिहिलेल्या असतात) वाचलीच जात नाही. हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी दुसऱ्या एडिटरमधून चिकटवलेल्या मजकुरातून एखादा टॅब हमखास आत शिरतो. फार जुन्या आवृत्तीच्या यंत्रावर ‘डिफॉल्ट’ हा शब्द ओळखला गेला नाही, तर तेथे ०.०.०.०/० असे लिहावे. अर्थ तोच आहे.

ही चूक अंगाशी येते ती यंत्र सुरू होताना. नेटप्लॅन स्वतः नेटवर्क चालवत नाही. बूट होताना अगदी सुरुवातीला ते ‘/ईटीसी/नेटप्लॅन’ या फोल्डरमधील यामल फाइली वाचते आणि त्यांवरून, प्रत्यक्ष नेटवर्क चालवणाऱ्या सिस्टमडी-नेटवर्कडी किंवा नेटवर्कमॅनेजर यांच्यासाठी ‘/रन’मध्ये नव्या फाइली तयार करते. यामलमध्ये चूक असेल तर या फाइली तयारच होत नाहीत आणि यंत्र नेटवर्कशिवाय उभे राहते. चालू यंत्रावर मात्र जुनी जोडणी तशीच टिकून असल्याने, फाइल बिघडवून ‘अप्लाय’ न करता उठलेल्या माणसाला काहीच कळत नाही. रीबूट पुढच्या महिन्यात होतो आणि बिघाडाचे खापर कर्नलच्या अपडेटवर फुटते. ‘/रन’ हे मेमरीत असते, त्यामुळे तेथील फाइलमध्ये थेट केलेली दुरुस्ती रीबूटनंतर शिल्लक राहत नाही, हेही याच ओघात सांगायला हवे.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. एका सर्व्हरवर जुना राउटर बदलून नवा बसवला होता. मी ‘गेटवे४’ काढून नवा रूट लिहिला, सर्व तपासले आणि काम नीट झाल्यावर जुनी फाइल, नावात फक्त ‘-ओल्ड’ जोडून, त्याच फोल्डरमध्ये ठेवून दिली. तीन आठवड्यांनी रीबूट झाल्यावर कार्यालयातून सर्व्हर सापडत होता, पण त्यावरून बाहेरचे काहीच उघडत नव्हते. कारण साधे होते: नेटप्लॅन त्या फोल्डरमधील ‘.यामल’ने संपणारी प्रत्येक फाइल वाचते आणि सर्वांतील मजकूर एकत्र करते. त्यामुळे जुना गेटवे आणि नवा रूट दोन्ही लागू झाले. दोन डिफॉल्ट रूट परस्परविरोधी असल्याचा इशारा नेटप्लॅन देते, पण बूटच्या वेळी तो वाचायला समोर कोण बसलेले असते? म्हणून बॅकअप घरच्या फोल्डरमध्ये ठेवावा, आणि ‘नेटप्लॅन गेट’ चालवून एकत्रित चित्र पाहावे. एखादी विसरलेली फाइल तेथे लगेच उघडी पडते.

क्लाउडवरील यंत्रांमध्ये ‘५०-क्लाउड-इनिट.यामल’ ही फाइल आढळते. ती क्लाउड-इनिट हा, यंत्राची सुरुवातीची मांडणी करणारा प्रोग्राम तयार करतो. तिच्या माथ्यावरच लिहिलेले असते की येथील बदल टिकणार नाहीत, तरी लोक तेथेच बदल करतात. क्लाउड-इनिटचे नेटवर्कचे काम बंद करायचे असेल, तर ते कसे करावे हेही त्याच टिपेत दिलेले असते. ते करूनच पुढे जावे.

दोन नेटवर्क कार्डे असलेल्या यंत्रावर दोन्हींकडे ‘गेटवे४’ असेल, तर प्रत्येकाचे आंधळेपणाने ‘रूट्स’मध्ये रूपांतर करू नये. बाहेर जाण्याचा मुख्य मार्ग कोणता, ते आधी ठरवावे आणि दुसऱ्या रूटला ‘मेट्रिक: २००’ असा मोठा आकडा द्यावा, आकडा जितका लहान, तितका तो मार्ग आधी निवडला जातो. दुसऱ्या कार्डाला केबलच जोडलेली नसेल, तर बूट होताना यंत्र नेटवर्कची वाट पाहत दोन मिनिटे थांबू शकते. त्या कार्डाखाली ‘ऑप्शनल: ट्रू’ लिहिले की हे थांबणे टळते.

यंत्र दूर असेल तर ‘अप्लाय’ऐवजी ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरावे. १२० सेकंदांत एंटर दाबून होकार दिला नाही, तर ते जुनी मांडणी परत आणते, म्हणजे एसएसएच (दुरून यंत्रावर काम करण्याची जोडणी) तुटले तरी यंत्र हातचे जात नाही. बाँड आणि ब्रिज (अनेक नेटवर्क जोडण्या एकत्र बांधणाऱ्या मांडण्या) यांच्या बाबतीत मात्र ही माघार पूर्णपणे होईलच असे नाही. त्यानंतर ‘आयपी रूट’ या आज्ञेच्या उत्तरात ‘डिफॉल्ट’ची ओळ एकदाच (वरच्याप्रमाणे मेट्रिक देऊन दोन मार्ग ठेवले असतील तर दोनदा) दिसते का ते पाहावे, आणि कन्सोलची, म्हणजे नेटवर्कशिवाय यंत्रावर थेट काम करण्याची, सोय हाताशी असताना, त्याच दिवशी, यंत्र एकदा रीबूट करून घ्यावे.