कारखान्यातल्या उबुंटू मशीनवर नवा कर्नल तपासताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वजनकाट्याला जोडलेल्या उबुंटू पीसीवर नवा कर्नल (हार्डवेअर चालवणारा उबुंटूचा गाभा) घालायचा तर सुट्टीचा दिवस धरा. शिफ्ट चालू असताना हात लावू नका, आणि जुना कर्नल काढू नका.

नुसत्या व्हर्च्युअल मशीनवरच्या चाचणीवर विसंबू नका. तिथे तुमचं नेटवर्क कार्ड नसतं, काट्याचा यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टरही नसतो. आणि घोळ होतो तो तिथेच. त्याच मदरबोर्डचं जादा मशीन मिळालं तर उत्तम.

आधी 'यूनेम' कमांडने चालू कर्नलचा क्रमांक टिपा. 'डीमेसेज'मधल्या (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) एरर आणि वॉर्निंग फाइलमध्ये साठवा, नंतर ताडायला. बूट पार्टिशनवर ३०० एमबी तरी मोकळे हवेत. जागा संपली की इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) बनत नाही आणि ती एरर इन्स्टॉलच्या मजकुरात वाहून जाते. बाहेरून घातलेले ड्रायव्हर असतील तर कर्नलसोबत हेडर्सही (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) घाला आणि नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधले गेलेत का ते रीबूटआधी 'डीकेएमएस स्टेटस'ने बघा. सिक्युअर बूट चालू असेल तर डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल (असा ड्रायव्हर) लोडच होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इन्स्टॉल झाल्यावर ग्रब (मशीन सुरू होताना कर्नल लोड करणारा प्रोग्रॅम) आपणहून नवीनच कर्नल निवडतो, त्यामुळे तो पडला तर मशीन पुन्हा पुन्हा त्यावरच आपटत राहतं. म्हणून ग्रबचं डीफॉल्ट 'सेव्ह्ड' करा, कर्नलच्या ओळीत 'पॅनिक=१०' घाला, 'अपडेट-ग्रब' चालवा. 'ग्रब-सेट-डीफॉल्ट'ने जुना कर्नल ठरवा, 'ग्रब-रीबूट'ने नवा फक्त एकदा. जुन्याची नोंद सबमेन्यूत असते. सबमेन्यूचं नाव, '>' आणि नोंदीचं नाव असं सलग द्यावं लागतं. कर्नल पॅनिक झाला, म्हणजे पूर्ण कोसळला, की १० सेकंदांत मशीन रीबूट होऊन जुन्यावर येतं. मात्र बूट पार्टिशन एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेडवर (डिस्क एकत्र जोडून वापरायच्या पद्धती) असेल तर ग्रबला ती 'एकदाच'ची खूण पुसता येत नाही, आणि नवाच पुन्हा सुरू होतो. मशीन नुसतं गोठलं तर पॅनिकही होत नाही. म्हणून पॉवर बटणाजवळ माणूस हवाच, घरून एसएसएचने (नेटवर्कवरून लांबून जोडून) हे करू नका.

मशीन नव्या कर्नलवर सुरू झाल्यावर काट्यावर माहीत असलेलं वजन ठेवा, स्क्रीनवरचा आकडा जुळतो का पाहा. दोन कन्व्हर्टर असतील तर पोर्टचे शून्य-एक क्रमांक अदलाबदल होऊ शकतात आणि मग सॉफ्टवेअर भलत्याच काट्याचं वजन घेतं. सेटिंगमध्ये क्रमांकाऐवजी 'सिरीयल बाय-आयडी'चा पत्ता द्या. रात्रीच्या बॅकअपसकट पूर्ण २४ तास चालवा, मगच नवा कर्नल डीफॉल्ट करा.

बिघडलंच तर जुन्यावर येऊन 'जर्नलसीटीएल' (सिस्टीमच्या नोंदी दाखवणारी कमांड) मध्ये मागच्या बूटचे कर्नल मेसेज पाहा. सुरुवातीलाच पॅनिक झाला तर तिथे काही उमटत नाही. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.