एव्ही रिसीव्हर घेताय? खोक्यावरचा वॅटचा आकडा आधी बाजूला ठेवा

जुळे सोलापुरातल्या एका मित्राबरोबर रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना पॉवर देणारा डबा, बघायला गेलो होतो, दुकानात दोनच मॉडेल, बाकीचे म्हणे पुण्याहून मागवून देतो. सेल्समन म्हणाला हा १५० वॅटचा आणि स्वस्त, तो ८० वॅटचा आणि महाग, मग उगाच जास्त पैसे कशाला घालताय? मित्राला लगेच पटलं पण. मी म्हटलं थांब बे, आधी मोबाईलवर दोघांची स्पेसिफिकेशन शीट उघडू.

१५० च्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं : ६ ओहम (स्पीकरचा विद्युत अडथळा), १ किलोहर्ट्झ (एकच सूर), १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती), एकच चॅनल (एका स्पीकरची लाइन) चालू. ८० वाल्याचं : ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के, दोन चॅनल चालू. म्हणजे पहिल्याने आवाज फाटेपर्यंत ताणून एकाच स्पीकरवर मोजलंय, अन् दुसऱ्याने सरळ मोजलंय. तेव्हा तुलना करायची तर ओहम, फ्रिक्वेन्सी, डिस्टॉर्शन, चॅनल या चारही गोष्टी सारख्या असलेल्या ओळीच शेजारी ठेवा. आणि ८० की १०० यावर डोकं फोडू नका, फरक जेमतेम १ डेसिबलचा पडतो.

खरं तर हे सगळं दुकानात जायच्या आधीचं काम. स्पीकरच्या मागे ओहम बघा, ४ असेल तर रिसीव्हरला चालतं का ते मॅन्युअलमध्ये तपासा. सेन्सिटिव्हिटीही बघा, म्हणजे ठरावीक पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते, ९० ऐवजी ८७ डेसिबलचा स्पीकर असेल तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट पॉवर लागते.

मग चॅनल. ७.२ चा, म्हणजे सात स्पीकर आणि दोन सबवूफरचा (खोल बासचे स्पीकर) रिसीव्हर ५.१.२ असाही लावता येतो, म्हणजे पाच खाली, एक सबवूफर, दोन छताला, अ‍ॅटमॉससाठी (डॉल्बीचा वरूनही येणारा आवाज). पण छताला किंवा मागे आणखी वायर ओढायला जागाच नसेल तर ५.१ वर थांबा की.

एचडीएमआयमध्ये दोनच प्रश्न. टीव्हीच्याच अ‍ॅपवर पिक्चर बघणार असाल तर बहुतेक वेळा साधं एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच रिसीव्हरला आणणारी सोय) पुरतं, ब्लू-रे प्लेअर टीव्हीला लावून ट्रूएचडी (डॉल्बीचा पूर्ण दर्जाचा आवाज) हवं असेल तर ईएआरसी, म्हणजे त्याचीच वाढीव आवृत्ती, टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे पाहिजे. पोरं गेम खेळतात म्हणून ४के १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) हवंय? मग कोणत्या पोर्टला ते आहे हे विचारा, सगळ्यांना नसतं. नाहीतर कन्सोल थेट टीव्हीला लावा, आवाज ईएआरसीने परत घ्या, पैसे वाचतात.

रूम करेक्शन मात्र नीट बघा, डेनॉनमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ. माइक ठेवून खोली मोजतं आणि त्याप्रमाणे आवाज जुळवतं. पण शहाबादी फरशी आणि उघड्या भिंतींचा घुमारा ते काढू शकत नाही. मित्राकडे आम्ही समोरच्या भिंतीवर जाड सोलापुरी चादर टांगून बघितली, डायलॉग लगेच मोकळे ऐकू यायला लागले.

दुकानात ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला लावा, जो थोडा मोठा वाजतो तोच भारी वाटतो. आणि ठेवायची जागा मोजून जा, वर आणि बाजूला हवा खेळली पाहिजे, आपल्याकडे मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा असताना काचेच्या शोकेसमध्ये कोंबलात तर तापून, स्वतःला वाचवायला प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडेल. मित्राने काच काढली, वहिनी अजून धुळीवरून बोलतायत.