पाच विभागांचा अभ्यासगट बांधताना: आधी तास, मग पैसे

गोव्यात खाजनावर, म्हणजे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीवर, काम करायचं तर ते एका विभागाच्या आवाक्यातलं नाही. बांध आणि मातीसाठी भूशास्त्र हवं, भातासाठी वनस्पतिशास्त्र. मानशीतल्या (बांधातल्या पाण्याच्या दारातल्या) मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, कितीला गेली याचा हिशेब अर्थशास्त्राचा, कुळं आणि कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) यांच्या हक्कांचा प्रश्न कायद्याचा, जुन्या नोंदी इतिहासाच्या. गेल्या खेपेला असा पाच विभागांच्या प्राध्यापकांचा गट मंजुरी आणि निधी हातात असूनही सत्रभर एकदाही पुरा बसला नाही. यंदा पुन्हा बांधायचा आहे, म्हणून ही तयारी लिहून ठेवते.

पहिलं काम वेळापत्रकाचं. प्रस्तावाच्या आधी, निधीच्या आधी, गटाला नाव देण्याच्याही आधी. सगळ्या सदस्यांची आठवड्यातली एकच दुपार मोकळी हवी आणि ती छापील वेळापत्रकात तशी दिसली पाहिजे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांना १४. त्यावर संशोधक विद्यार्थी, समित्या, पेपर तपासणी. प्रत्येक विभाग आपलं वेळापत्रक स्वतंत्र लावतो. विज्ञानाची प्रात्यक्षिकं दुपारभर चालतात, इतरांचे तास मधेमधे विखुरलेले असतात. एकदा सगळं लागलं की एक तास हलवायला तिघांची मनधरणी करावी लागते. ‘वेळ काढू की’ असं सगळेच म्हणतात, मनापासून म्हणतात. त्यावर विसंबू नका. सत्र सुरू होण्याच्या दोन महिने आधी पाचही विभागप्रमुखांना एकच पत्र द्या: बुधवार, दुपारी दोन ते पाच, ही नावं, या वेळेत तास लावू नयेत. सही घ्या, प्रत फाईलला लावा. तोंडी होकार धरू नका.

ठरलेल्या दुपारचा दुसरा फायदा बांधावर कळतो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. या बुधवारी दुपारी ओहोटी असेल तर पुढच्या बुधवारी त्या सुमारास भरती, आणि पंधरवड्यानं पुन्हा जवळपास त्याच वेळेला ओहोटी. म्हणजे एक बुधवार बांधावर, एक बुधवार टेबलाशी, असा क्रम आपोआप लागतो. भरती-ओहोटीचं कोष्टक वेळापत्रकाशेजारी ठेवून तारखा आधीच लिहून टाका.

पहिल्या फेरीला सगळ्यांनी मिळूनच जावं. भरती चढताना मानशीचं दार पाण्याच्या रेट्यानं आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी त्याला उघडतं, ते उभं राहून पाहावं. भूशास्त्रवाले दाराखालचा गाळ बोटांत चुरडून बघतात, कायद्याच्या प्राध्यापिका जाळं कुणाचं म्हणून विचारतात, आणि शेतकरी दोघांना मिळून एकच उत्तर देतो: दार गळतंय, पण दुरुस्त कोण करणार? बांध आणि मानशी पूर्वी कोमुनिदाद सांभाळायची. १९६४च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. दाराला फट पडली की खारं पाणी भातात येतं, मग माती, पीक, हक्क आणि मासळीचा पैसा हे वेगळे विषय राहतच नाहीत. हे उत्तर पाचही जणांनी एका वेळी ऐकलं पाहिजे. पाच वेगळ्या दिवशी पाच जण गेले तर पाच अहवाल होतात, अभ्यासगट होत नाही. म्हणून ती दुपार.

माणसं पाच ते सात पुरेत. शोभेची नावं घालू नका. प्रत्येकाला स्वतःचा प्रश्न असावा. लेखांवर नावं कुठल्या क्रमानं येणार हे आधी लिहून ठरवा, कारण यूजीसीच्या त्याच नियमावलीत दोनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के गुण आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के धरले जातात. बढतीच्या उंबरठ्यावरच्या तरुण सहकाऱ्याला हे नंतर कळणं अन्यायाचं आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते आणि जुनी नाणी तोलून त्यांनी इतिहास अभ्यासला. पण एका माणसानं दोन शास्त्रं पेलणं वेगळं आणि पाच माणसं एका टेबलाशी आणणं वेगळं. त्याला तास लागतो, आणि तो तास पत्रानं मिळवावा लागतो.

आता पैसे. सुरुवातीला विद्यापीठाचाच छोटा बीजनिधी मागा, बैठका आणि दोन-चार फेऱ्या त्यात होतात. मग केंद्राच्या निधीसंस्था: समाजशास्त्रांच्या बाजूनं आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद), विज्ञानाच्या बाजूनं एएनआरएफ (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन). पूर्वीचं एसईआरबी, म्हणजे विज्ञान-अभियांत्रिकी संशोधन मंडळ, २०२३च्या कायद्यानंतर त्यातच गेलं आहे. अंदाजपत्रकात गाडी, होडी, माती-पाण्याच्या तपासण्या सगळे घालतात. पणजीच्या पुराभिलेखातले पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणाऱ्याचं मानधन मात्र राहून जातं. ते घाला, फुकटात कुणाला बसवू नका. लेक्चर बेसिसवर बदली शिक्षक मिळाला तर एखाद्याचे दोन तास सुटतील, त्यासाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करा. हाही तासाचाच खर्च आहे आणि तो सत्राआधीच मागायचा आहे.

निधी एका विभागाच्या नावानं येतो. बाकी चौघांनी किती रकमेपर्यंत आणि कुणाच्या सहीनं खर्च करायचा, हे वित्त विभागाकडून लेखी घ्या. उपकरणांच्या शीर्षातले पैसे प्रवासाला वळत नाहीत. केंद्राच्या अनुदानावरचं व्याज परत भरायचं असतं, ते खर्चात धरू नका. ३१ मार्चची वाट पाहू नका, जानेवारीतच उरलेलं मोजा.

पावसाळ्यात बांधावर जाणार असाल तर स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय नको. गणेश चवथीच्या आठवड्यात काही ठेवू नका. परीक्षांच्या काळातही नको. आणि त्या पत्राची मुदत एका सत्राचीच असते, पुढच्या सत्रासाठी नवं पत्र, नव्या सह्या. पहिलं सत्र चांगलं गेलं की हेच विसरतं. ऑक्टोबर उजाडण्याआधी द्या.

बैठकीचं टिपण त्याच संध्याकाळी. मोजमापं एका सामाईक फोल्डरमध्ये, तारीख आणि भरतीच्या वेळेसकट. बिलं महिन्याच्या महिन्याला. उपयोगिता प्रमाणपत्र (निधी कशावर खर्चला याचा दाखला) केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात, वर्ष संपलं की लगेच. अहवाल इंग्रजीत, गोषवारा मराठी आणि कोकणीत, आणि त्याच्या प्रती पंचायतीला आणि कुळांच्या संघटनेला नेऊन द्यायच्या, टपालानं नाही.