ई-चलान आलंय? पैसे भरण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं छोटं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शाळा-कॉलेजचे प्रवेश ही नेहमीची कामं. त्यात आता गाडीवरचं चलान बघायला आणि भरायला येणाऱ्यांची भर पडली आहे. पावसाळ्यात एक दिवस आम्हाला दूध घालणारे मामा आले. ओला रेनकोट दारातच खुंटीला लावला, आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल काढला आणि म्हणाले, "पाचशे रुपये कुठं भरायचे तेवढं सांग. पोरगं म्हणतंय, गाडी उचलून नेतील."

मी म्हटलं, "मामा, आधी फोटो बघू."

चलान उघडून फोटो मोठा केला. मामांची गाडी म्हणजे काळी मोटरसायकल, मागे दुधाच्या कॅनसाठी वेल्डिंग करून घेतलेली लोखंडी चौकट. फोटोत होती पांढरी स्कूटर आणि तिच्यावर कॉलेजातली दोन पोरं. चलान दुसऱ्या जिल्ह्यातल्या शहराचं, आणि मामा त्या शहरात वर्षभरात गेलेले नव्हते. पाटीवरचा एक आकडा ३ होता, तो चलानात ८ झाला होता. मामा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी कुणाचे तरी पैसे भरणार होतो."

चलान आलं की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर घाबरून लगेच भरून टाकतात, नाहीतर 'बघू नंतर' म्हणून सोडून देतात. चलान उघडून वाचतात मात्र फार थोडे जण. पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात, म्हणून दुकानात रोज दिसणाऱ्या चुका इथे लिहितो आहे.

'चलान दिसतच नाही' म्हणून निर्धास्त होणं

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं चलान त्यांच्या संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर दिसतं. संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकावे लागतात. माहिती सापडली नाही की लोक समजतात, आपल्यावर काही नाही. खरं तर नंबरच चुकीचा टाकलेला असतो. एमएच ०९ मधलं शून्य गाळतात, मध्ये जागा सोडतात, किंवा ०४५६ असा नंबर असेल तर नुसतं ४५६ टाकतात. आरसी बुकावरचा नंबर जसाच्या तसा, सलग टाका.

चेसिस नंबरात आणखी एक गोंधळ होतो. हल्लीच्या गाड्यांचा चेसिस नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. त्यामुळे आरसीवर जे गोल दिसतं ते शून्य आणि जी उभी रेघ दिसते तो एक. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे लोक दुकानात न येता घरीच चलान बघतील, आणि मला त्याचा आनंदच होईल.

दुसरं म्हणजे, एकाच ठिकाणी बघून थांबू नका. वाहतूक पोलिसांचं चलान वेगळं आणि आरटीओच्या वायुवेग पथकानं, म्हणजे रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या पथकानं, केलेलं चलान वेगळं. आरटीओचं चलान केंद्राच्या परिवहन ई-चलान संकेतस्थळावर दिसतं. गोव्याला फिरायला जाऊन आलेल्यांनीही तिथेच बघावं. टेम्पो, ट्रक किंवा टुरिस्ट गाडी असेल, तर दोन्ही ठिकाणी बघायची सवयच लावून घ्या.

फोटो न बघता पैसे भरणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. कॅमेऱ्यानं केलेल्या चलानासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७अ हा नियम आला. चलानासोबत काय असलं पाहिजे, ते त्यात सांगितलेलं आहे: गुन्हा आणि नंबर प्लेट दोन्ही दिसतील असा फोटो, वेगाचं चलान असेल तर यंत्रानं मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कलम. नोटीस गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत पाठवायची, असंही त्यात आहे. तेव्हा चलान उघडलं की नजर रकमेवर जाऊ देऊ नका. आधी फोटोतली गाडी बघा. रंग, बनावट, आरशाचा आकार, मागचा स्टिकर, काहीही. आपली गाडी आपल्याला लांबूनही ओळखू येते. मग पाटीवरचा एकेक आकडा बोट ठेवून वाचा. मग तारीख आणि वेळ. त्या दिवशी त्या वेळी गाडी कुठे होती? घरात कुणी नेली होती का? माझ्याकडे एकदा एक काकी "आमची गाडी नव्हेच" असं ठासून सांगत होत्या. फोटोत त्यांचाच मुलगा होता, त्यांनीच घेऊन दिलेला शर्ट घालून. काकींनी मग मुकाट्यानं पैसे भरले.

गाडी आपलीच असेल तर पुढचं बघा: रक्कम गाडीच्या प्रकाराप्रमाणे लागली आहे का? राज्यात डिसेंबर २०२१ पासून दंडाचे नवे दर लागू झाले. वेगमर्यादा ओलांडली तर दुचाकीला १,००० आणि कारला २,००० रुपये. साध्या नियमभंगाला पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा केला तर १,५००. इथे मी सगळ्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगतो. 'पाचशेच तर आहेत, कोण भांडत बसणार' म्हणून चुकीचं चलान भरू नका. भरलं की गुन्हा तुम्ही मान्य केला असंच धरलं जातं, आणि पुढच्या वेळी तुमच्याकडे दुसऱ्यांदा चुकलेला चालक म्हणून बघितलं जाऊ शकतं.

चलान चुकीचं वाटलं तर संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर तक्रारीची सोय आहे. आरसीचा फोटो, आपल्या गाडीचे पुढून आणि मागून नंबर प्लेटसह काढलेले फोटो, चलानाचा क्रमांक आणि दोन ओळींत मुद्दा एवढं पुरतं. "माझी गाडी काळी मोटरसायकल आहे, चलानातल्या फोटोत पांढरी स्कूटर आहे, तिच्या पाटीवरचा आकडा ३ आहे, माझ्या पाटीवर ८ आहे." बास. राग, महागाई, रस्त्यातले खड्डे यातलं काही त्यात लिहू नका. तक्रार वाचणाऱ्याला आकड्यातला फरक दिसला पाहिजे. दाद लागली नाही तर जवळच्या वाहतूक शाखेत कागद घेऊन समक्ष जा. पाटीवर अगदी तुमचाच नंबर असेल पण गाडी दुसरी असेल, तर मामला गंभीर आहे. कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. अशा वेळी चलानाच्या तक्रारीवर न थांबता पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उद्या त्या गाडीनं अपघात केला तर तोच कागद कामाला येईल.

मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवणं

हे लिहिताना मला एका रिक्षावाल्या दादांचा चेहरा आठवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला होता, वर पोलिसांचा लोगो, खाली त्यांच्याच रिक्षाचा खरा नंबर आणि 'आरटीओ चलान' नावाची एक फाइल. नंबर खरा, म्हणजे मेसेज खरा असं त्यांना वाटलं. फाइल उघडली, अ‍ॅप बसलं, त्यानं मेसेज वाचायची परवानगी मागितली, यांनी दिली. रात्रीतून खात्यातले हप्त्यासाठी ठेवलेले पैसे गेले. अशी फाइल एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल असते. ती फोनमध्ये बसली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी त्या चोराला दिसतो. गाडीचा नंबर तर रस्त्यावर कुणालाही वाचता येतो, तो माहीत असणं ही कसली ओळख?

लक्षात ठेवायच्या खुणा सोप्या आहेत. चलान बघण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं कुठलंही अ‍ॅप बसवायची गरज नसते. सरकारी मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी अक्षरांचं नाव असतं आणि आता सरकारी मेसेजच्या त्या नावाच्या शेवटी इंग्रजी 'जी' हे अक्षर येतं. संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन' वर संपला पाहिजे. जीओव्ही ही अक्षरं पत्त्यात मध्येच कुठेतरी घुसडलेली असतील आणि शेवट भलताच असेल, तर ते बनावट. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी जाहिरातही खरी असेलच असं नाही. सरळ पत्ता टाइप करा: महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन, सगळी अक्षरं इंग्रजीत आणि सलग. एकदा उघडला की फोनमध्ये जपून ठेवा.

फाइल उघडून बसलाच असाल तर लाजत बसू नका. आधी फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत अडवता येतात, म्हणून इथे एकेक तास मोलाचा. अ‍ॅप काढणं, फोन साफ करणं हे त्यानंतर.

पैसे कापले गेले म्हणून लगेच पुन्हा भरणं

खात्यातून रक्कम गेली आणि चलान 'न भरलेलं'च दिसतंय, असं पुष्कळदा होतं. लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि थोड्या वेळानं, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. यूपीआयनं पैसे गेले पण समोर पोचल्याची खातरजमा झाली नाही, तर ते पाच दिवसांत आपोआप परत यावेत असं रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक सांगतं. नाही आले तर त्याच क्रमांकानं बँकेत तक्रार करा. भरलेल्या चलानाची पावती मात्र पीडीएफ करून ठेवाच. नुसता स्क्रीनशॉट काढला की तो लग्नाच्या फोटोंत हरवतो.

ऑनलाइन जमत नसेल तर चौकातल्या वाहतूक पोलिसाकडच्या यंत्रावर भरता येतं. पैसे दिले की पावती मागून घ्या.

गाडी विकली, पण नावावरून काढली नाही

एका निवृत्त गुरुजींनी स्कूटर ओळखीच्या मुलाला विकली. "आठवड्यात नावावर करून घेतो" असं त्यानं सांगितलं आणि गुरुजींनी विश्वास ठेवला. वर्षभरानं गुरुजींच्या मोबाइलवर चलानं येऊ लागली: हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, तिघे बसले. आयुष्यभर पोरांना शिस्त शिकवलेला माणूस माझ्या दुकानात मान खाली घालून बसला होता, ते मला अजून दिसतं.

चलान आरसीवर ज्याचं नाव त्याला जातं. गाडी विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नं विकणाऱ्यावर टाकली आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून घेणाऱ्याच्या हातात कोरे देऊन टाकणं म्हणजे काम झालं असं नाही. आपल्या अर्जाची पोच आपल्याकडे हवी, आणि महिन्याभरानं नाव बदललं का ते परिवहनच्या संकेतस्थळावर बघायला हवं. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानं तर सौद्याआधीच चलान तपासावं. थकलेली चलानं असली की नाव बदलताना काम अडतं. टेम्पोवर ड्रायव्हर ठेवला असेल तर कोणत्या दिवशी गाडी कोणाकडे होती याची वही ठेवा. चालक कोण होता असं पोलिसांनी विचारलं, तर सांगणं मालकाला बंधनकारक आहे.

लोकअदालतीच्या मेसेजला घाबरणं, किंवा तिची वाट बघत बसणं

थकलेल्या चलानाबद्दल लोकअदालतीचा मेसेज आला म्हणजे अटक होणार असं नाही. वाद सामोपचारानं मिटवायची ती संधी असते. राष्ट्रीय लोकअदालत साधारण वर्षातून चार वेळा भरते. पण तिथे अर्धा दंड माफ होतोच, या समजुतीत राहू नका. कर्नाटकानं फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत दंडावर ५० टक्के सवलत दिली होती, त्याचेच व्हिडिओ आपल्याकडे अजून फिरतात. एक राज्य सवलत देतं म्हणून दुसऱ्यालाही ती लागू होत नाही. आणि चलानच चुकीचं आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर लोकअदालतीत घाईनं तडजोड करू नका. तिथल्या निवाड्यावर अपील करता येत नाही.

प्रकरण न्यायालयात गेलं असेल तर ते आभासी न्यायालयाच्या, म्हणजे व्हर्च्युअल कोर्टाच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून शोधता येतं. चलान अचानक यादीतून गायब झालं तर 'माफ झालं' असं समजण्याआधी तिथे बघा.

आणि हे सगळं वेळेत कळायला हवं असेल, तर आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. कित्येकांच्या गाडीला शोरूममधल्या पोरानं भलताच नंबर टाकलेला असतो, किंवा दहा वर्षांपूर्वी बंद पडलेलं सिम असतं. परिवहनच्या संकेतस्थळावर तो बदलता येतो. मामांच्या गाडीला त्यांच्या थोरल्या जावयाचा नंबर निघाला. तक्रार टाकून झाल्यावर आम्ही तोही बदलला. तक्रारीचा क्रमांक मी चिठ्ठीवर लिहून दिला, तो मामांनी आरसीच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी घालून ठेवला आणि दर रविवारी दूध घालून झालं की दुकानात डोकावून विचारत राहिले, "बघ रे, काय झालं?"